भांग घेतल्यानंतरची रात्र : संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंत काय करावे

महाशिवरात्रीला आणि होळीच्या संध्याकाळी भांग घेणाऱ्यांच्या हातून दरवर्षी त्याच त्या चुका होतात, आणि त्या पिण्याच्या वेळी कमी, पिऊन झाल्यावर जास्त होतात. पहिल्या पेल्याने काही झाले नाही म्हणून दुसरा घेतला जातो, उतरली असे वाटून फटफटी काढली जाते, घाबरलेल्या माणसाला विहिरीवर नेऊन अंगावर पाणी ओतले जाते आणि उरलेली ठंडाई ताटलीने झाकून सारे घर झोपी जाते. भांग कशी घ्यावी हे या लेखात सांगितलेले नाही. ज्याने घेतली आहे किंवा घेणारच आहे, त्याने आणि त्याच्या घरच्यांनी पुढचे तास कोणत्या क्रमाने काढावेत, एवढेच येथे मांडले आहे. चिलमीतून गांजा ओढणाऱ्यांनाही यातले बहुतेक लागू पडते. जेथे फरक आहे तेथे तो नोंदवला आहे.

## आधी पाहण्याच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट कायद्याची. गांजा, म्हणजे भांगेच्याच झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस हे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येतात. गांजाचे नुसते सेवन हाही गुन्हा असून त्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भांगेची नुसती पाने त्या व्याख्येत बसत नसली, तरी महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा त्यांना मोकळे सोडत नाही. सणाला सारेच घेतात म्हणून ती कायद्याने माफ आहे, असे कोणी समजू नये.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाईने, हृदयविकार असलेल्याने, स्वतःला किंवा घरातल्या रक्ताच्या नात्यात कोणाला वेडाचा झटका येऊन गेला असेल त्याने आणि कोवळ्या वयाच्या मुलांनी भांग घेऊच नये. त्यांच्यासाठी पुढचा कोणताही टप्पा पुरेसा नाही. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर भांगेबरोबर त्यांचा परिणाम वाढतो किंवा बिघडतो. मधुमेहाची गोळी अथवा इन्सुलिन घेऊन दिवसभर उपवास केलेल्या माणसाची साखर उतरली, की तोही बरळतो, घामाघूम होतो आणि कोसळतो. लोक त्याला भांग चढली म्हणून हसत बसतात.

## टप्पा १ : दुपारीच करून ठेवण्याची तयारी

अंमल चढल्यावर तयारी होत नाही. चढलेल्या माणसाला वेळेचा अंदाज राहत नाही आणि आत्ता मनात आलेली गोष्ट दोन मिनिटांत विसरते, म्हणून उजेड असतानाच कामे संपवावीत.

सर्वांत आधी वावराचे काम पाहावे. कृषिपंपाला त्या आठवड्यात रात्रपाळीची वीज असेल, तर ओलिताला कोण जाणार हे दुपारीच ठरवावे, आणि जो जाणार त्याने भांग घेऊ नये. रात्री पांदणीने एकटे जाणे, कठडा नसलेल्या विहिरीच्या काठाने चालणे, ओल्या हाताने मोटारीच्या पेटीला हात लावणे, किंवा रानडुकरांसाठी कोणी कुंपणात बेकायदा सोडलेल्या करंटच्या तारेवर पाय पडणे, यांतली कोणतीही गोष्ट शुद्धीतल्या माणसालाही भारी पडते. जागलीचे, म्हणजे रात्री पिकाची राखण करण्याचेही तसेच. जागलीला जाणाऱ्याने माळ्यावर चढून चिलीम ओढू नये, कारण खाली उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर धरायला कोणी नसते.

मग घर. झोपण्याची जागा आधीच लावून ठेवावी : जमिनीवर अंथरूण नको, बाज हवी, आणि बाजेला मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचलेली हवी. याचे कारण टप्पा ६ मध्ये येईल. बाजेजवळ पाण्याने भरलेला गडवा किंवा बाटली, ओकारीसाठी घमेले, बॅटरी आणि चार्ज केलेला फोन ठेवावा. फवारणीची औषधे, उंदराचे औषध आणि रॉकेल कुलपात जावे. भाव वाढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवला असेल, तर त्या खोलीत आणि तणसाच्या ढिगाजवळ बिडी, चिलीम, आगपेटी काहीही नेऊ नये; अर्धवट झोपेत हातातून पडलेली बिडी कापसात विझत नाही, आत धुमसत राहते.

शेवटी माणूस. घरात किंवा मंडळींत एक तरी व्यक्ती अशी हवी की जिने भांग घेतली नाही आणि दारूही घेतली नाही. गाड्यांच्या किल्ल्या तिच्याकडे द्याव्यात. हे काम घरातल्या बाईवर न विचारता ढकलले जाते, ते योग्य नाही. मंडळींनी आपसात पाळी लावावी आणि ज्याची पाळी त्याने त्या रात्री साधी ठंडाई प्यावी. तीही वेगळ्या भांड्यात, वेगळ्या हाताने केलेली असावी.

तपासा : किल्ल्या कोणाकडे? मोटार कोण चालवणार? बाज कोठे लावली? या तिन्हींची उत्तरे पहिल्या पेल्याआधी तोंडपाठ असली पाहिजेत.

## टप्पा २ : घड्याळ लिहून ठेवावे

सर्वांत जास्त चूक येथे होते. ओढलेल्या गांजाचा अंमल काही मिनिटांत चढतो, साधारण अर्ध्या तासात शिगेला जातो आणि बहुधा २ ते ४ तासांत ओसरतो. प्यालेल्या किंवा खाल्लेल्या भांगेचे घड्याळ निराळे आहे. तिला पोट आणि यकृत यांतून वाट काढावी लागते, म्हणून ती अर्ध्या तासापासून २ तासांपर्यंत कधीही चढू लागते, २ ते ४ तासांनी शिगेला पोहोचते आणि ६ ते ८ तास, काहींच्या बाबतीत १२ तासांहूनही अधिक टिकते. यकृतात तिच्यातील मुख्य द्रव्यापासून जे दुसरे द्रव्य बनते त्याचाही मेंदूवर जोरदार परिणाम होतो. त्यामुळे चिलमीला सरावलेल्या माणसालाही प्यालेली भांग अनोळखी वाटू शकते. तिचे द्रव्य पाण्यात नव्हे तर स्निग्धात विरघळते, आणि म्हणूनच ती दूध, तूप, बदाम यांच्याबरोबर वाटली जाते. वाटण नीट मिसळले नसेल तर एकाच गुंडातल्या (मोठ्या भांड्यातल्या) दोन पेल्यांत सारखी भांग असेलच असेही नाही. शेजाऱ्याला काही झाले नाही हा पुरावा आपल्या कामाचा नाही.

सायंकाळी ७ वाजता पेला घेतला असे धरू. ८ वाजता काहीच वाटत नाही. याच वेळी दुसरा पेला भरला जातो. ९ वाजता पहिला चढू लागतो, आणि दुसरा त्याच्या पाठोपाठ येऊन मध्यरात्रीच्या सुमारास दोघांचा अंमल एकावर एक बसतो. माणूस तेव्हा घाबरतो, आणि भांग वाईट होती असे म्हणतो. महाशिवरात्रीच्या उपवासाने रिकाम्या असलेल्या पोटी हेच सारे लवकर आणि एकदम घडते.

म्हणून पेला घेतल्याची वेळ पाटीवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर किंवा शुद्धीतल्या माणसाच्या फोनवर लिहावी. एकच पेला, आणि तो संपल्यावर त्या रात्री पुन्हा नाही, हा नियम आधी ठरवावा. नंतर ठरवणारे डोके ठिकाणावर नसते.

इशारा : भांगेवर दारू किंवा मोहाची घेऊ नये. दारूमुळे भांगेचे द्रव्य रक्तात अधिक चढते. चक्कर, ओकारी आणि तोल जाणे वाढते, आणि बेशुद्ध माणसाच्या ओकारीने श्वास अडकू शकतो.

## टप्पा ३ : भांडी आवरणे

शेवटचा पेला रिकामा होताच, कोणी आडवे होण्याआधी, उरलेली ठंडाई सांडून द्यावी आणि गुंड, वाटी, पाटा-वरवंटा, गाळायचे फडके धुऊन टाकावे. उद्यासाठी म्हणून काही ठेवू नये. लहान मुलाला ती गोड दुधासारखी दिसते आणि ते पहाटे उठून पिते. गुळातले किंवा माव्यातले गोळे असतील तर धोका अधिक, कारण ते मिठाईच वाटतात. ढोरांच्या डोणीत किंवा कुत्र्याच्या तोंडाला लागेल अशा ठिकाणीही ती ओतू नये.

इशारा : मुलाच्या पोटात भांग गेली असे कळले किंवा नुसता संशय आला, तरी घरी वाट पाहू नये आणि बोटे घालून ओकारी काढू नये. मूल गुंगीत जाते, लडखडते, क्वचित त्याचा श्वास मंद होतो. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

## टप्पा ४ : पाणी आणि जेवण

भांगेने तोंड कोरडे पडते, आणि होळीच्या सुमारास आपल्याकडे उन्हाळा लागलेला असतो. पाणी एकदम घटाघटा न पिता अर्ध्या-अर्ध्या तासाने थोडे थोडे प्यावे. ताक, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी चालते. सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्याने भांगेपासून दूर राहावे हे बरे; तरीही घेतली असेल तर त्याला रात्रभर पाण्याविना झोपू देऊ नये, कारण शरीरातले पाणी कमी झाले की वेदनांचा झटका येऊ शकतो.

जेवण साधे असावे : वरण-भात, खिचडी, ताकातली भाकर. उपवास असेल तर भगर आणि दाण्याची आमटी, आणि ती भांगेनंतर नव्हे, आधी खाल्लेली बरी. भांगेने भूक खवळते, पण पोट तुडुंब भरून आडवे झालेल्या माणसाला मळमळ होते. जेवताना गुंगी दिसत असेल तर घास देऊच नये, घशात अडकतो.

लिंबू, चिंच किंवा लोणचे चाटवल्याने भांग उतरते ही समजूत घरोघरी आहे. त्यांनी तोंडाला चव येते, एवढेच. रक्तात गेलेले द्रव्य बाहेर काढणारा घरगुती पदार्थ नाही. वेळ जावा लागतो. तूप पाजणे तर उलट आहे, कारण पोटात अजून भांग असेल तर तूप तिला शरीरात शिरायला मदतच करते.

## टप्पा ५ : घर गाठणे आणि घरात थांबणे

यात्रेत असाल तर मुक्काम तेथेच करावा. अमरावती जिल्ह्यातल्या सालबर्डीला डोंगर चढून महादेवाच्या भुयारात जायचे असते, गडचिरोलीतल्या मार्कंड्याला वैनगंगेचे पात्र पायाशी असते. दोन्ही ठिकाणी दर्शन आणि स्नान आधी, बाकी सारे नंतर. भांग घेतल्यावर नदीत, तलावात, विहिरीवर अंघोळीला जाऊ नये. पाण्याची खोली आणि स्वतःचा दम, दोन्हींचा अंदाज त्या वेळी चुकतो.

गाडी कोणतीही असो, चालवायची नाही. फटफटी नाही, ट्रॅक्टर नाही, बंडीही नाही. नशेत गाडी चालवण्याला पहिल्या गुन्ह्यालाच ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाचे एक वेळ सोडा. रात्रीच्या रस्त्यावर कापसाचा किंवा उसाचा ट्रॅक्टर मागच्या दिव्याविना उभा असतो आणि तो शुद्धीतल्या डोळ्यांनाही शेवटच्या क्षणी दिसतो.

तपासा : मंडळी पांगण्याआधी डोकी मोजावीत. एकजण लघवीला म्हणून गेला आणि १० मिनिटांत आला नाही, तर बॅटरी घेऊन दोघांनी शोधायला जावे.

## टप्पा ६ : कोणी घाबरले, गळाले किंवा वेगळे वागू लागले तर

छाती धडधडणे, आपण मरतो आहोत असे वाटणे, वेळ थांबल्यासारखी वाटणे, कोणी मारायला टपले आहे असा संशय येणे, हे सारे जास्त भांगेने होते आणि बहुतेक वेळा तासांनी ओसरते. अशा माणसाजवळ एकाच व्यक्तीने बसावे. लाउडस्पीकर बंद करावा, दिवा मंद ठेवावा, कपडे सैल करावेत, कपाळावर ओले फडके ठेवावे. चक्कर येत असेल तर आडवे करून पाय उशीवर उंच ठेवावेत, आणि उठताना आधी कुशीवर, मग बसते, मग उभे असे सावकाश उठवावे. भांगेने उभे राहताना रक्तदाब खाली येतो आणि माणूस मोरीच्या दगडावर कोसळतो.

मी माझ्या चुलतभावाजवळ अशी एक रात्र काढली आहे. तो दर दोन मिनिटांनी किती वाजले विचारत होता, आणि दहाव्यांदा विचारल्यावर मी चिडलो. माझ्या चिडण्याने तो जितका घाबरला तितका भांगेने घाबरला नव्हता. नंतर मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिले : पेला ७ ला घेतला, आता ११ वाजले, पहाटेपर्यंत उतरेल, मी येथेच आहे. तो ती पाटी वाचायचा आणि शांत व्हायचा. तेव्हापासून मी सर्वांना हेच सांगतो की प्रश्न कितीही वेळा आला तरी उत्तर तेच आणि त्याच आवाजात द्यावे.

काय करू नये तेही स्पष्ट हवे. हसू नये, फोनवर चित्रण करू नये, खोलीत एकटे कोंडू नये, गालावर चापट्या मारू नयेत, थंड पाण्याच्या बादल्या ओतू नयेत, झोपेची गोळी देऊ नये. बाहेरची बाधा झाली असे ठरवून कोणा जाणत्याकडे नेण्यात तर सर्वांत मोलाचे तास जातात.

भांगेचा दोष नसलेल्या चार गोष्टी भांगेच्या नावावर खपतात, आणि त्या ओळखणे शुद्धीतल्या माणसाचे खरे काम आहे.

धोतऱ्याची भेसळ : डोळ्यांच्या बाहुल्या खूप मोठ्या, कातडी गरम व कोरडी, लघवी अडलेली, माणूस हवेतले धागे ओढल्यासारखे करतो आणि कोणाला ओळखत नाही.

कीटकनाशकाची विषबाधा : येथे उलट, तोंडाला लाळ, अंगभर घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, जुलाब. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उघडी पडली हे आपण पाहिले आहे. दिवसा फवारणी करून संध्याकाळी भांग घेतलेल्या माणसात ही लक्षणे नशा म्हणून दुर्लक्षिली जाण्याचा धोका मोठा आहे.

मण्यारचा दंश : जमिनीवर झोपलेल्याला मण्यार रात्री चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटतात त्या उघडत नाहीत, बोलणे जड होते, गिळता येत नाही. भांग घेतलेल्याचे डोळे लाल आणि जड असतात, पण सांगितल्यावर तो ते उघडतो. पापणी उचलतच नसेल तर तो दंश समजून तत्काळ रुग्णालयात न्यावे. बाज आणि मच्छरदाणीचा आग्रह यासाठीच होता.

साखर उतरणे : मधुमेही घामाघूम होऊन बरळत असेल आणि गिळू शकत असेल तर साखरेचे पाणी द्यावे, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नये.

इशारा : छातीत दुखणे, श्वास अडखळणे, झटके, हलवूनही जाग न येणे, थांबत नसलेली ओकारी, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची भाषा, यांपैकी एक जरी दिसले तरी १०८. डॉक्टरांना काय, किती आणि किती वाजता घेतले ते खरे सांगावे. कोणी लाजेपोटी जेवणातून झाले असे सांगतो, आणि डॉक्टर चुकीच्या दिशेने शोधत राहतात.

## टप्पा ७ : झोप

पडल्या पडल्या झोप लागते, म्हणून ती चांगली झोप असे समजू नये. भांगेने झोप लवकर येते, पण स्वप्नांची झोप कमी होते आणि सकाळी डोके जड राहते. निजताना कुशीवर निजवावे, पाठीवर नाही. तोंडात खर्रा, तंबाखू, पान असेल तर काढून चूळ भरायला लावावी. शुद्धीतल्या माणसाने पहिले काही तास दर अर्ध्या तासाने पाहावे : श्वास एकसारखा चालतो का, हाक मारल्यावर हूं करतो का.

## टप्पा ८ : दुसरी सकाळ

जाग आली म्हणजे उतरली असे नाही. ७ वाजता घेतलेल्या पेल्यासाठी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडी, कडबाकुट्टी, मळणीयंत्र, विळा-कुऱ्हाड, विहिरीत उतरणे आणि फवारणी टाळावी.

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाकडे होळीच्या सुमारास मोहफूल पडू लागते आणि माणसे अंधार असतानाच जंगलात वेचायला जातात. वाकून वेचणारा माणूस वाघ-अस्वलाला माणसासारखा दिसत नाही, आणि रात्रीच्या भांगेने ज्याचे कान आणि लक्ष मंदावले आहे त्याला पाचोळ्यातली सळसळ उशिरा कळते. त्या एका सकाळी मोह दुसऱ्याने वेचावा, किंवा ऊन वर आल्यावर चारजणांनी मिळून जावे.

तपासा : सरळ रेषेत १० पावले चालणे, काल रात्रीचे क्रमाने सांगणे आणि १०० पासून ७-७ वजा करत पाच आकडे म्हणणे, यांतले एकही अडले तर तो दिवस घरीच. तिन्ही जमले तरी गाडी दुपारनंतरच.

## सणापुरती न राहिली तर

हा लेख वर्षातून एखाद्या संध्याकाळी घेणाऱ्यासाठी आहे. ज्याला रोज संध्याकाळी ओढल्याशिवाय झोप येत नाही, त्याचा प्रश्न रात्र कशी आवरावी हा नाही. सोडल्यावर पहिले एक-दोन आठवडे झोप उडते, भडक स्वप्ने पडतात, चिडचिड होते, भूक मंदावते. ते कायमचे नसते, पण त्याच काळात लोक पुन्हा चिलमीकडे किंवा दारूकडे वळतात. वारंवार ओकाऱ्या होऊन गरम पाण्याने अंघोळ केल्यावरच बरे वाटत असेल, तर तोही बरेच दिवस रोज घेण्याचाच परिणाम असू शकतो आणि डॉक्टरांना दाखवण्यासारखा आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या तक्रारींसाठी टेली-मानसचा १४४१६ हे शासनाचे फुकट क्रमांक आहेत. थोड्या गांजासाठी किंवा सेवनासाठी पकडला गेलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून सूट देण्याची तरतूद १९८५ च्या त्याच कायद्यात आहे. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणाऱ्याच्या घरच्यांनी त्याला ही गोष्ट सांगावी. १०८, १४४४६ आणि १४४१६ हे तिन्ही आकडे बाजेजवळच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावेत.